तांबडीचं तोंड

तांबडीनं मान झटकली, तरी खोगीरवालीनं बोटं बाहेर काढली नाहीत. घोडीच्या ओठांच्या कोपऱ्यातून दोन बोटं आत सरकवून ती पुढचे दात आणि दाढा यांच्यामधली मोकळी हिरडी चाचपत होती. लगामाचं लोखंड बसतं ते नेमकं तिथं. डाव्या बाजूला बोट नुसतं टेकलं आणि घोडी अंगभर थरारून मागं सरली. बोटांवर लाळ आली, आणि लाळेत लाल.

"काय चाललंय?"

दारात नवरा उभा होता. या घोडेस्वारीच्या शाळेत सगळे त्याला मास्तर म्हणायचे. दोन्ही हात पँटच्या खिशात.

"माप घेतेय," असं म्हणत तिनं बोटं फडक्याला पुसली. "नवी मोहरकी शिवायची आहे ना हिला."

"मोहरकी तोंडावरून बसते. तिचं माप तोंडात हात घालून घेतात होय?"

"मी घेते."

तो आत आला नाही. हातही खिशातून काढले नाहीत. एरवी तबेल्यात पाऊल टाकलं की आधी घोडीच्या कपाळावर हात ठेवायचा, मग बायकोशी बोलायचा. तिनं त्यावरून त्याला कितीदा तरी टोमणे मारले होते. आज तो उंबऱ्यातूनच वळला. तिच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

तिला खोगीरवाली म्हणायचे ते काही उगीच नाही. खोगिरं, तंग, लगामाच्या लांब वाद्या, सगळं चामड्याचं काम तिच्या हातचं. दुकान वडिलांचं होतं. वडिलांच्या काळात त्या दुकानात दाराजवळच्या खिळ्यावर काटेरी कडियाळी टांगलेली असायची. कडियाळं म्हणजे घोड्याच्या तोंडात बसणारं लगामाचं लोखंड. साधं असलं तर गुळगुळीत, आणि काटेरी असलं तर आतल्या अंगाला बारीक टोकदार खिळे. एक हिसका दिला की कसलाही मस्तवाल घोडा जागच्या जागी उभा. गिऱ्हाइकं खूश असायची. "घोडा शहाणा होतो हो याच्यानं," असं म्हणायची, जणू शाळेतच घालताहेत.

दुरुस्तीला आलेली ती लोखंडं राखेनं घासायचं काम लहानपणी तिच्याकडे होतं. एकदा घासता घासता दोन खिळ्यांच्या मधे काहीतरी अडकलेलं निघालं. चामड्याचा कपटा असेल असं वाटून तिनं नखानं खरवडलं, तर तो जिभेचा तुकडा होता. त्या रात्री ती जेवली नाही. दुकान तिच्या नावावर झालं त्याच आठवड्यात तिनं खिळ्यावरचा तो सगळा संसार लोहाराच्या भट्टीत घातला, आणि शाळेच्या मालकीणबाईंना जाऊन सांगितलं की ज्या घोड्याच्या तोंडात काटा असेल त्याच्या पाठीवर माझं खोगीर चढणार नाही. मालकीणबाईंनी ऐकलं. तेव्हापासून या तबेल्यात काटा नव्हता.

आणि मास्तरशी तिनं लग्न केलं ते तर निव्वळ हात बघून. रूप यथातथाच, बोलणं त्याहून कमी, पण वाद्या हातात घेतल्या की बघत राहावं. नुसत्या सुतळीनं घोडा थांबवील असा हात. लोकांनी त्याला लोणीमास्तर असं नाव ठेवलं होतं, आणि तिला त्या नावाचा नवऱ्यापेक्षा जास्त अभिमान होता.

तोच माणूस आता घोडीच्या तोंडाजवळ कुणाला फिरकू देत नव्हता.

संशयाचं एक असतं, एकदा घरात आला की स्वतःच पाट घेऊन बसतो. तिला एकेक गोष्ट आठवायला लागली. भर उन्हाळ्यात हातमोजे. लगामांचं सामान ठेवायच्या कपाटाला नवं कुलूप. मधूनच दुपारी "जरा गावात जाऊन येतो" म्हणून जायचं आणि रिकाम्या हातानं यायचं. जेवताना तोंड फिरवून बसायचं. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठं ते तिला कळल्यासारखं वाटत होतं. शाळेचा वार्षिक कार्यक्रम तोंडावर आला होता. पालकांना मान कमानीसारखी वाकवून चालणारी घोडी आवडते. तशी मान वाकवायला शिकवायची तर वेळ लागतो, धीर लागतो. काट्यानं ती झटपट वाकते.

तिनं मोतद्दाराला गाठलं. तो तांबडीची खरारा-चाकरी करायचा, आणि जिभेला हाड नसलेला म्हणून प्रसिद्ध होता.

"काका, घोडीच्या तोंडात बघितलंत का हल्ली?"

"मला कोण बघू देतंय? माझ्या वाट्याला शेपटीकडची बाजू. तोंड मास्तरांकडे."

"म्हणजे? लगाम तुम्ही उतरवता ना?"

"उतरवायचो. आता मास्तर म्हणतात, तुम्ही जा, चहा घ्या. एवढे चहा घेतले मी या दिवसांत की घोड्यासारखा मुततोय." तो हसला, मग तिचं तोंड बघून हसायचा थांबला. "लोखंड पण स्वतःच धुतात. दार लावून. का हो वहिनी?"

"काही नाही. सहज विचारलं."

"तुम्ही सहज काही विचारत नाही," मोतद्दार म्हणाला, आणि खरारा घेऊन पुन्हा शेपटीकडच्या बाजूला गेला.

रात्री जेवताना तिनं खडा टाकून पाहिला. "तांबडी कशी आहे?"

"बरी आहे."

"तोंडाशी जरा हळवी वाटली मला."

नवऱ्यानं पेला दोन्ही हातांनी उचलला, प्यायला, खाली ठेवताना तो ताटाच्या काठावर आपटला आणि पाणी सांडलं. "एखादा दात घासत असेल कुठंतरी," तो म्हणाला.

"कोणतं कडियाळं घालता हल्ली?"

"जे नेहमी घालतो तेच. का? उलटतपासणी आहे?"

तो झोपल्यावर दिवा न लावता त्याची पिशवी, खाटेखालची पेटी, बुटांची फळी, सगळं चाचपून झालं. स्वतःच्याच घरात चोरासारखी फिरतेय याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आणखी चढला. काहीच सापडलं नाही. म्हणजे ते कपाटात होतं.

दुसऱ्या दिवशी ती सरळ मालकीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली. नवऱ्याविरुद्ध बोलायला जीभ जड होईल असं तिला वाटलं होतं. झाली नाही. "तांबडीच्या तोंडात जखमा आहेत. मास्तरांचं कपाट उघडायला सांगा. माझ्या समोर."

मालकीणबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही काय म्हणताय कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय म्हणून आलेय."

रिंगणाला लागून सामानाची खोली होती. मालकीणबाईंनी मास्तरला तिथं बोलावलं तेव्हा मोतद्दारही मागोमाग आला, कारण बोलावलं नाही तिथं जायचा त्याला नेम होता. नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं, मालकीणबाईंकडे पाहिलं, आणि काही न विचारता खिशातून किल्ली काढली. कुलपात ती जाईना. एकदा घसरली, दुसऱ्यांदा खाली पडली. तिनं दात आवळले. भीतीनं हात चालत नाहीयेत, तिला वाटलं, बघा आता सगळ्यांनी. शेवटी मोतद्दारानं किल्ली उचलून कुलूप उघडलं.

आत काटा नव्हता. हिरडीला लावायच्या मलमाची डबी होती, हातमोजे होते. कडियाळी होती ती सगळी गुळगुळीत, आणि गुळगुळीत म्हणजे किती, एकाला रबर गुंडाळलेलं, दुसऱ्याला मऊ चामडं, तिसऱ्याला रबरावर पुन्हा चामडं. टाके वेडेवाकडे, कुणीतरी लपूनछपून घातलेले. तिच्या दुकानातलंच चामडं होतं.

"झालं समाधान?" मोतद्दार तिला म्हणाला. वहिनी म्हणाला नाही.

मालकीणबाईंनी सुस्कारा सोडला. "मास्तर, माफ करा. पण मग घोडीच्या तोंडाला झालंय काय?"

नवरा कपाटातल्या त्या गुंडाळलेल्या लोखंडांकडे बघत होता. मग त्यानं हात पाठीमागं बांधले, मान वर केली आणि म्हणाला, "काटेरी वापरलं मी. कार्यक्रमासाठी घाई होती. काल फेकून दिलं."

"तुम्ही?"

"मीच."

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. उद्यापासून येऊ नका, एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या. मोतद्दार जमिनीकडे बघत राहिला, आणि नवरा त्याच्या बाजूनं जायला लागला तेव्हा असा मागं सरला की अंगाला अंग लागू नये.

तिचं म्हणणं खरं ठरलं होतं. घरी येताना तिला त्याचा आनंद व्हायला हवा होता, निदान संताप तरी. त्याच्या मागून चालताना तिच्या डोक्यात भलताच किडा वळवळत होता. हा माणूस इतक्या सहज कबूल कसा झाला? उभ्या जन्मात यानं दाराची कडी लावायला विसरलो हे कधी धड कबूल केलं नव्हतं. मांजरानं काढली असेल म्हणायचा. आणि आज, कपाट स्वच्छ निघालं, सुटला होता तो, तर आपणहून गळा पुढं केला.

शिवणकामाच्या खोलीत शिरल्याबरोबर तिनं दार लावलं.

"कुठं फेकलंत?"

"नाल्यात."

"कसं होतं? सांधा होता की सरळ दांडी?"

"असंच... नेहमीसारखं."

"खिळे एका बाजूला की दोन्ही?"

तो भिंतीवरच्या लगामांकडे बघायला लागला. वडिलांच्या दुकानातलं एकेक लोखंड तिला अजून डोळे मिटून आठवत होतं, आणि काट्याचं तोंड कसं दिसतं तेही. काटा भोकं पाडतो. तांबडीच्या तोंडात भोक एकही नव्हतं. ओठांचे कोपरे फाटले होते, हिरडी ठेचल्यासारखी सुजली होती, जीभ काळीनिळी. बोटांना ते त्याच वेळी कळायला हवं होतं. पण रक्त दिसलं तसा तिच्या डोक्यात काटाच बसला.

"तुम्ही खोटं बोलताय," ती म्हणाली.

"घोडीचं तोंड मी फाडलं, तू पकडलंस, काम गेलं. अजून काय पाहिजे तुला?"

शाळेत नव्या मुलांना पहिल्या दिवशी घोड्यावर बसवत नाहीत. आधी त्यांना घोडा करतात. मुलानं कडियाळं दोन्ही मुठींत धरायचं, मागं मास्तरनं वाद्या धरायच्या. मास्तर ओढतो तेव्हा मुठींना काय वाटतं ते मुलाला कळतं. मग अदलाबदल करायची, डोळे मिटायचे, आणि पुढच्याचा ताण जाणवला की "आला" म्हणायचं. ही रीत या शाळेत त्यानंच आणली होती. तिनं भिंतीवरून शिवून तयार असलेला एक लगाम उतरवला, कडियाळं स्वतःच्या मुठींत घेतलं आणि वाद्या त्याच्यापुढं धरल्या.

"धरा."

"हे काय खूळ?"

"मुलांना करायला लावता ना? धरा. डोळे मिटा."

त्यानं धरल्या. बोटं वाद्यांवर आवळली आहेत की नाहीत हे त्यानं खाली बघून पाहिलं, मग डोळे मिटले. तिनं मुठी हलकेच पुढं नेल्या. घोडं एवढीच मान पुढं करतं. तो काही म्हणाला नाही. तिनं अजून ओढलं. वाद्या वाळत घातलेल्या दोरीसारख्या ताठ झाल्या, त्याची मनगटं तिच्याकडे ओढली गेली.

"सुरू कर ना," तो म्हणाला. "थांबलीस का?"

मोजे, किल्ली, पेला, सगळं एकदम जागच्या जागी जाऊन बसलं. तरी तिला शेवटपर्यंत बघायचं होतं. "आता तुम्ही ओढा," ती म्हणाली. "हलकेच. तांबडीला ओढता तसं."

त्यानं ओढलं. लोखंड तिच्या बोटांच्या हाडांवर आलं, मुठी दोघांमधल्या शिलाईच्या टेबलाच्या कडेवर दाबल्या गेल्या, डोळ्यांत पाणी आलं. समोर तो डोळे मिटून उभा होता, चेहऱ्यावर रिंगणात असतो तो शांत भाव. "एवढंच," तो म्हणाला. "याच्यावर कधी गेलो नाही मी."

"सोडा."

त्यानं डोळे उघडले. तिच्या बोटांचा रंग बघितला. वाद्या त्याच्या हातून आपोआप खाली पडल्या.

मग तो शिलाईच्या स्टुलावर बसला आणि तुटक तुटक सांगत गेला. मानेतली शीर दबली होती. पूर्वी एकदा घोड्यावरून पडला होता त्याचं. आधी बोटांची टोकं गेली, मग तळवे. दुपारी गावात जायचा तो डॉक्टरकडे. ऑपरेशनचं बोलतात, पण गेलेली जाणीव परत येईल असं कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. "वाटायचं, आज येईल, उद्या येईल. पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा मला वाटलं लोखंडाचंच काहीतरी आहे. मऊ केलं. अजून मऊ केलं. जेवढं मऊ करावं तेवढं मला कमीच कळायचं, आणि जेवढं कमी कळेल तेवढा मी..."

"मग तोंडात लोखंड घालणं थांबवायचं. चढायचं थांबवायचं."

"हो."

"का नाही थांबलात?"

"थांबून काय करू?"

तिला त्याचा राग आला, आणि त्याच दमात त्याला कुशीत घ्यावंसं वाटलं. दोन्ही एकदम कसं करतात ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिनं जमिनीवरच्या वाद्या उचलून गुंडाळायला घेतल्या. "तिला काय, काटा असो की तुमचा हात. तिचं तोंड सोलून निघालं ना."

"म्हणून तर तू केलंस ते बरोबर केलंस. घोडी सुटली."

"उद्या मी मालकीणबाईंना खरं सांगते. काट्याचं नाव तुमच्या माथी नको."

"नाही." तो झटकन उभा राहिला. "नाही सांगायचं. एवढं ऐक माझं."

"अहो, लोक तोंडावर थुंकतील. मीच लोकांना शिकवलंय थुंकायला."

"थुंकू देत. दुष्ट म्हणू देत." तो आपल्या तळव्यांकडे बघत होता. "दुष्ट माणसालाही हात असतो."

ती रात्रभर त्या वाक्याशी भांडत राहिली.

मालकीणबाई दोन दिवसांनी स्वतः दुकानात आल्या. तांबडीचं तोंड भरत होतं, असं म्हणाल्या. तिला लगाम न घालता नुसत्या दाव्यानं फिरवत होते. खुर्चीवर टेकल्या, उठल्या, पुन्हा टेकल्या. "मला अजून पटत नाही हो. तुम्ही काट्याच्या बाबतीत कधी कुणाला सोडलं नाहीत, नवऱ्यालाही नाही. म्हणून तुम्हालाच विचारते. खरंच वापरलं त्यांनी?"

खोगीरवालीच्या हातात आरी होती, चामड्यात अर्धी घुसलेली. आयुष्यभर या एका गोष्टीबद्दल तिचा शब्द कुणी पडू दिला नव्हता. तो तिची सगळ्यात मोठी कमाई होती. तिनं आरी आरपार नेली.

"हो," ती म्हणाली. "वापरलं."

मालकीणबाई उठल्या आणि निघून गेल्या. शाळेसाठी सांगून ठेवलेल्या नव्या खोगिराबद्दल जाताना काही बोलल्या नाहीत.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी तो घरातून न सांगता बाहेर पडला. कुठं गेला असेल हे विचारायची गरज नव्हती. ती पोचली तेव्हा तो रिंगणाच्या कुंपणाशी उभा होता आणि आतून मोतद्दार त्याला म्हणत होता, "इथं नका थांबू मास्तर. मालकीणबाईंनी सांगितलंय असं नाही. मीच सांगतोय."

"बरं," तो म्हणाला, आणि रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभा राहिला. पाठ ताठ, हात दोन्ही बाजूंना.

मोतद्दारानं तिच्याकडे पाहिलं. खरं काय ते तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते गिळून तीही रस्ता ओलांडून गेली.

रिंगणात एक मुलगी दुसऱ्या घोड्यावर फेऱ्या मारत होती. पालक टाळ्या वाजवत होते. तिच्या घोड्याची मान काही कमानीसारखी नव्हती. त्याला हवी तशी होती, आणि तोंडाला फेस नव्हता.

"कोपर सोडायला हवं तिनं," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "पण हात चांगला आहे पोरीचा."

तिनं त्याचा हात हातात घेतला. त्याला कळलं नाही. तो रिंगणाकडेच बघत राहिला, मुलगी वळणावर आली तशी त्याची मान वळली, आणि ती तो गार, जड हात धरून तशीच उभी राहिली. फेरी संपल्यावर त्यानं सहज खाली पाहिलं, तेव्हा त्याला तिची बोटं दिसली. मग त्यानं मूठ मिटली. बोटं चेंगरली इतकी घट्ट. तिनं हात सोडवून घेतला नाही.